शेठजींचा माघ, आमचा पौष

मोटार विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, असं मला वाटायचं. तसं नसतं. सरकारच्या वहीतलं जुन्या मालकाचं नाव काढून आपलं लावावं लागतं, त्याला मुदत असते आणि मुदत गेली की दंड असतो. हे मला कळलं तेव्हा माझं लग्न होऊन सात-आठ वर्षं झाली होती. राज्य निजामाचं होतं आणि जालन्याच्या लोकांना असल्या कामासाठी औरंगाबादला जावं लागे.

आमचे हे एका मारवाडी शेठजींच्या जिनिंगमध्ये मोटार चालवीत. शेठजींनी नवी मोटार घेतली, तेव्हा जुनी यांना देऊ केली. दुसऱ्याला दिली तर तो तिचे हाल करील, तुला तिच्या खोडी माहीत आहेत, असं म्हणाले आणि किंमतही कमी लावली. अंबडच्या कोर्टात तारखेला जाणारी माणसं जालन्याहून भाड्यानं न्यायची, असा यांचा विचार होता. यांची शिल्लक आणि माझ्या पाटल्या त्यात गेल्या. पाटल्या मी हसत दिल्या असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. पण दिल्या.

व्यवहार ठरला तो पौषात. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्या अडून बसल्या. "पौषात कुणी चूल बी नवी मांडत न्हाई, आन तू मोटार घेतो?" शेठजी तर भाचीच्या लग्नासाठी राजस्थानात निघाले होते, त्यांना थांबता येत नव्हतं. यांनी पैसे देऊन कागद करून घेतला आणि मोटार शेठजींच्याच शेडात ठेवली. आईची अडचण यांनी शेठजींना सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, कागदावर माघच लिहिलाय, तुझ्या आईला दाखव. यांनी तो दाखवला. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, पण माघ ऐकून त्यांचं समाधान झालं. वसंत पंचमीला मोटार दारात आली. आत्याबाईंनी तिला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. माघात घेतली, असं त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

दोन दिवसांनी हे तीच मोटार घेऊन औरंगाबादला गेले. कचेरीबाहेरच्या अर्जनवीसानं शेठजींच्या कागदावरची तिथी पाहिली, आपलं पंचांग उघडलं आणि निजाम सरकारची फसली तारीख काढून उर्दूत अर्ज लिहिला. लिहिणावळ घेतली, स्टँप लावला. हे तो अर्ज घेऊन आत गेले. आत एक म्हातारे मुसलमान कारकून होते. त्यांनी अर्ज वाचला, मग कपाटातून दुसरा कागद काढला. मोटार विकल्याची खबर शेठजींच्या मुनीमानं आधीच कचेरीला टपालानं कळवली होती. दोन्ही कागद समोरासमोर ठेवून ते यांना म्हणाले, "मियाँ, शेठ लिखता है गाडी बिक गयी. तुम लिखते हो तेरा दिन बाद बिकेगी. तो आज चला के कौन लाया?"

बाजूचे लोक हसले. कारकुनांनी मात्र समजावून सांगितलं की दोघांपैकी एकाची तारीख खोटी आहे. मूळ कागद घेऊन या, आणि मुदत शेठजींच्या खबरेपासून धरली जाईल, तीस दिवस. त्यानंतर दंड. आणि नाव लागल्याशिवाय भाडं घ्यायचा परवाना नाही. मूळ कागद तेव्हाही यांच्या खिशात होता. पण यांनी तो बाहेर काढला नाही.

घरी आल्यावर यांनी कागद ट्रंकेत ठेवून दिला. दंड भरायला घरात काही उरलं नव्हतं. मोटार दारात उभी, आणि जिनिंगमधली जागा नव्या मोटारीबरोबर आलेल्या ड्रायव्हरला गेलेली. तरी हे रोज मोटार पुसत आणि परत येऊन बसत. आठ-नऊ दिवस असे गेले. एका दुपारी आत्याबाई देवळात गेलेल्या असताना मी भाकरी वाढली, ती यांनी तशीच सरकवली. मी यांना कधी काही विचारत नसे. त्या दिवशी विचारलं.

मग यांनी सगळं सांगितलं. यांना वाटत होतं की शेठजींनी आईच्या समाधानासाठी खोटाच माघ लिहून दिला. "त्यांनी माझ्यासाठी केलं," म्हणाले. "आता कागद दाखवला तर खोट्या कागदात त्यांचं नाव जाईल. दंड बसला तर बसू दे. मोटार विकून टाकू."

मी कागद मागितला. मी चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या गावात मुलींची शाळा नव्हती, पण मुलांच्या शाळेतल्या मास्तरांनी मला भिंतीशी बसू दिलं, म्हणून मला बालबोध वाचता येतं. त्या मास्तरांची मला आठवण येते, त्या दिवशी तर फार आली. मुनीमाचं अक्षर वाकडं होतं, पण वाचता आलं. माघ वदी पाच, म्हणजे वद्य पंचमी.

मला एकदम आठवलं. शेठजींच्या आईंना सगळे माजी म्हणत. त्यांच्याकडे मी पापड लाटायला जात असे. आमच्या पौषातल्या संकष्टीला माजींकडे तिळाची चौथ होती. त्यांच्याही बायका चंद्र बघून जेवणार होत्या. माजींनी मला तिळकूट दिला आणि म्हणाल्या, ही आमची माघाची चौथ. मी म्हटलं, माजी, अजून पौष आहे. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बाई, आमचा महिना पुनवेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, तुमचा आवस झाल्यावर. पंधरा दिवस तुम्ही मागं राहता." आणि यांनी पैसे दिले ते त्या चौथीच्या दुसऱ्या दिवशी.

मी यांना म्हटलं, "शेठजींनी खोटं न्हाई लिहिलं. त्यांचा तवा माघच होता. अर्जनवीसानं आपल्या माघातली वद्य पंचमी धरली, ती अजून यायची हाय."

यांना पटेना. बायांच्या उपासाचं कचेरीत कोण ऐकणार, म्हणाले. मीही घाबरले, आपण चुकत असलो तर. पण बोटं मोजली. मुदतीला चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माजींकडे गेले. मुनीम कापसाच्या खरेदीला परतूरला गेलेले होते, उद्या येणार होते. माजींना मी सगळं सांगितलं. एवढं लांब मी कुणाशी बोलले नव्हते. त्या आधी खूप हसल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "माझ्या लेकाला चोर समजून वाचवायला निघाला होता व्हय तुझा नवरा? भला माणूस हाय. बावळट हाय, पण भला हाय."

मुनीम आले त्या दिवशी दोन दिवस उरले होते. मी दाराआड उभी राहिले आणि माजींनी त्यांना पुढं बसवून घेतलं. मुनीमांनी आपलं मारवाडी पंचांग काढलं, त्या दिवसाची फसली तारीख शोधली आणि कागदाखाली उर्दूत दोन ओळी लिहून सही केली. पंचांगही यांच्याबरोबर दिलं. माजींनी वाटेसाठी पुऱ्या बांधल्या. पेट्रोल परवडेना म्हणून हे आगगाडीनं निघाले; तिकिटाचे पैसेही माजीच देत होत्या, ते मात्र यांनी घेतले नाहीत.

नवा अर्ज लिहायला अर्जनवीसानं पुन्हा पैसे मागितले. चूक तुमचीच, असं यांनी म्हटलं तर तो म्हणाला, चूक पंचांगाची. शेवटी निम्म्यावर तुटलं. कारकुनांनी मूळ कागद पाहिला, मुनीमाच्या ओळी वाचल्या, आपल्या हाताखालच्या हिंदू मदतनिसाला बोलावून मराठी आणि मारवाडी अशी दोन्ही पंचांगं शेजारी ठेवायला लावली. मग शेठजींच्या खबरेवरची तारीख पाहिली. जुळली. फी एकदाच घेतली, दंड नाही. आधीच्या अर्जावर रेघ मारली आणि वहीत यांचं नाव लिहिलं. एक पैसाही वरचा मागितला नाही. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण अजून देवापुढे बसले की त्यांच्यासाठीही हात जोडते.

हे परतले तेव्हा आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. आता सांगणं भाग होतं. यांनी सगळं सांगून टाकलं, पौषासकट. मी आत चुलीपाशी ऐकत होते. मला धास्ती होती, कारण पंचांग काढायची बुद्धी माझी होती आणि मोटार पौषातली ठरली ती माझ्यामुळं.

आत्याबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "सरकारनं कंचा महिना धरला?"

"शेठजींचा. माघ."

"मंग झालं. सरकारापेक्षा मी शहाणी हाय का?"

यांना हसू आलं. मग यांनी पुढचं सांगितलं. कागद हातात देताना कारकुनांनी विचारलं होतं, ये किसने समझाया? यांनी सांगितलं, घरातून. त्यावर ते म्हणाले होते, "घर को मेरा सलाम बोलना."

हे दारातून मोठ्यानं म्हणाले, ऐकलं का, कारकून साहेबांचा सलाम आहे. मी चुलीत लाकूड सारत बसले. बाहेर येणं काही जमलं नाही.

आत्याबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "घे की गं सलाम. कुणी रोज देत न्हाई."