गोट्यांच्या बेटावर

आर्णीकडच्या धरणाचं पाणी एप्रिलात ओसरलं की मधोमध गोट्यांचं एक बेट उघडं पडतं. त्यावर पिवळ्या चोचीची, काळ्या टोपीची नदी सुरय अंडी घालते, एवढं मला ठाऊक होतं. अंडी दिसतात कशी, ते वाचायचं राहून गेलं होतं.

जाळं टाकणाऱ्या एका काकांनी मला डोंग्यातून न्यायचं कबूल केलं. अट एकच, बेटावर उतरायचं नाही. मी मान हलवली. माझी मान कशालाही हलते.

पक्ष्यांना दिसू नये म्हणून मी खास झाडाझुडपांच्या छापाचा शर्ट घातला होता. बेटावर गवताची काडी नव्हती. त्या उघड्या पाण्यावर एक जाडजूड झुडूप डोंग्यात बसून फिरायला निघालं होतं.

बेटाजवळ डोंगा थांबवून काका जाळ्याचा गुंता सोडवायला वाकले. त्यांची पाठ वळली आणि मी घोटाभर पाण्यात उतरलो. दहाबारा पावलं आत गेलो. पक्षी डोक्यावर ओरडायला लागले. एकीनं झेप घेऊन माझ्या टोपीवर टोच मारली, तर मला वाटलं, काय जवळून फोटो मिळणार!

मागून काकांचा आवाज आला. तो चढा नव्हता, त्यानंच मी जागच्या जागी थांबलो.

"मास्तर, पाय उचलू नोका. खाली पाहा."

खाली गोटे होते. मग त्यातले तीन ठिपकेदार दिसले. डाव्या बुटापासून वीतभर. उजवीकडे आणखी दोन. त्यानंतर मला प्रत्येक गोटा अंडंच वाटायला लागला.

"जशे गेले तशेच माघारी या," काका म्हणाले. "पण लवकर. पाखरू पोट भिजवून येते अन् अंड्यावर बसते, थंड करते. तुमच्यापायी बसून नाही राह्यलं. उन्हात आतलं पिल्लू मरते."

जसा आलो तसा म्हणजे कसा? गोट्यांवर पाऊल उमटत नाही. शेवटी मी ओणवा झालो आणि मागे मागे रांगू लागलो. आधी मागची जागा निरखायची, हातानं चाचपायची, मग गुडघा. तळवे भाजत होते. गळ्यातला कॅमेरा लोंबून झोके घ्यायला लागला आणि लेन्स एका अंड्यापासून दोन बोटांवरून सरकून गेली. मी पट्टा दातात धरला. काका विचारत होते, दिसून राह्यलं का नीट? मला फक्त घशातून आवाज काढता येत होता. वर घिरट्या घालणाऱ्या एकीच्या पोटाच्या भिजल्या पिसांतून पाण्याचे थेंब पडत होते, माझ्या पाठीवर. ते पाणी माझ्यासाठी नव्हतं.

पायाला पाणी लागलं तेव्हा काकांनी मला दंडाला धरून डोंग्यात ओढलं आणि बांबूनं डोंगा दूर रेटला. जाळं तसंच गुंत्यात पडलेलं. आम्ही दोघं बेटाकडे बघत बसलो.

एक उतरली. थोड्या वेळानं दुसरी. माझ्या बुटाजवळच्या तीन अंड्यांची जागा मोकळीच होती. काकांनी डोळ्यांवर हात धरला.

मग ती आली. उतरली, परत उडाली, पाण्याला पोट लावून आली आणि पंख जरा फुलवून बसली.

"बसली," काका म्हणाले. "काढा आता फोटो."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. डोंगा इतका डुलत होता की त्या फोटोत नुसते गोटे आले आहेत, तेही पुसट. कोणाला दाखवला की विचारतात, यात पक्षी कुठे आहे? मी मधोमध बोट ठेवतो.