खोलीचं तापमान

अकोल्याच्या घरी, बाबांच्या खोलीतल्या कूलरला आज नवी खस लावली. आता तिथं कोणी झोपत नाही. ओल्या खसेच्या वासानं माझ्या शाळेच्या दिवसांतली, याच खोलीतली एक दुपार परत आणली. बाबा विज्ञानाचे शिक्षक. भिंतीवरचा तापमापक चाळीस दाखवत होता.

"याच्यात दोनशे त्र्याहत्तर मिळव," ते म्हणाले.

"तीनशे तेरा. पण मिळवायचं काहून?"

"पाणी गोठते तो आपल्या सोयीचा शून्य. खरा शून्य त्याच्या दोनशे त्र्याहत्तर अंश खाली. त्याच्याहून थंड काहीच नाही. आता तुह्या अंगाचं सांग."

"सदतीस. म्हणजे तीनशे दहा."

"मंग खोलीच तुले तापवून राहिली."

मी हसले होते. तीनशेत तीनचा तो काय फरक!

गेल्या मे महिन्यात भर दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला. बाबा डोळे मिटून पडले होते. त्यांचा हात गरम लागला, म्हणून मी निश्चिंतपणे वारा घालत बसले. माणूस गेला की हात थंड पडतो, एवढंच मला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी सांगितल्यावरही तो हात गरमच होता. खोली त्यांना तापवून राहिली होती.