आचारसंहितेची पहिली ओळ

आम्ही काही हौशी माणसं मिळून मराठी टायपिंगचं एक मोफत सॉफ्टवेअर सांभाळतो. कुणीही दुरुस्ती पाठवावी, बाकीच्यांनी ती तपासावी, अशी आमची रीत. आज सकाळी आमच्या गटाच्या आचारसंहितेचा मसुदा वाचायला आला. पहिलीच ओळ होती, ‘नव्या माणसाशी सौजन्यानं बोला.’ चहा हातातच राहिला.

पाच-सहा वर्षांपूर्वी वृषाली नावाच्या मुलीनं तिची पहिली दुरुस्ती पाठवली होती. सोबत लिहिलं होतं, ‘काही चुकलं असेल तर सांगा हं, सर.’ मी सगळ्यांदेखत उत्तर दिलं, ‘आधी शिकून या.’ ती पुन्हा आली नाही.

आमच्या साइटवर जुनं काहीच पुसलं जात नाही. तिच्या दुरुस्तीचं ते पान उघडलं. तिचं ते ‘हं’ अजून तिथंच आहे आणि त्याखाली माझे तीन शब्द. एवढं साधं वागायला मला लेखी नियम का लागावा?

मसुद्याखाली ‘मान्य’ लिहिलं. मग तिच्या पानावर लिहिलं, ‘वृषाली, चूक सांगायची राहिली होती. कोडमधला एक कंस बंद करायचा राहिलाय, बाकी सगळं छान आहे.’

उत्तर येणार नाही, हे ठाऊक आहे. तरी सकाळपासून ते पान बंद करत नाहीये.