आवाजाचं पीठ

झुराकान एजे किर्गीझस्तानातल्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. आमच्याकडे बाईंना 'एजे' म्हणतात आणि सरांना 'आगाय'. कॉम्प्युटरची खोली त्यांच्या गळ्यात पडली, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. मी रसायनवाला, मी तर सरळ अंग काढून घेतलं. त्याआधी आमची मुलं वहीत माउसचं चित्र काढून पास व्हायची आणि बारा कॉम्प्युटर चादरी पांघरून पडलेले असायचे.

एजेंना स्वतःलाही फारसं येत नव्हतं. कोणी काही विचारलं की म्हणायच्या, "मला काय माहीत? शोधा की!" मला या बाईंचा रागच यायचा. मुख्याध्यापक ओमुरबेक आगाय म्हणाले, "एजे, महिनाभर बघतो. नुसता खेळखंडोबा दिसला तर चावी परत माझ्याकडे."

एजेंनी मुलांना लांबच्या माणसाला कॉम्प्युटरवरून पत्र लिहायला सांगितलं. सातवीतल्या बेगायमने मॉस्कोत शिवणकाम करणाऱ्या आईला लिहिलं, 'तुझ्या आवाजाची फार आठवण येते.' पण आमचे कीबोर्ड रशियन. त्यांवर किर्गीझची तीन अक्षरं नाहीतच. त्यातल्या एकाऐवजी जवळचं अक्षर दाबलं, की आमच्या भाषेत 'आवाज'चं होतं 'पीठ'.

आईने घाबरून भावाला फोन केला. तिसऱ्या दिवशी मामा पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन थेट वर्गात, मागोमाग आगाय!

"पोरी, पीठ संपलं तर मला सांगायचं! आईला कशाला रडवलंस?"

वर्ग खो खो हसला. बेगायम रडकुंडीला आली. आगायनी हात पुढे केला. "एजे, चावी."

"तास संपू दे," एजे म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "आपलं अक्षर गेलं कुठे?"

"तुम्हीच सांगा ना!"

"मला काय माहीत?"

मीही दारात थबकलो. मुलं एकेका यंत्रावर तुटून पडली. एकाने तर सगळा पडदाच चिनी अक्षरांत करून ठेवला. शेवटी बेगायम ओरडली, "सापडलं! किर्गीझ आतच होती! हे बटण दाबून धरलं की तिन्ही येतात!"

"एजेंनी दाखवलं?" आगायनी विचारलं.

"छे! त्या कधीच सांगत नाहीत."

"मग त्या करतात तरी काय?"

बेगायम विचारात पडली. "आम्हाला सापडेपर्यंत थांबतात."

खरं सांगतो, मला लाज वाटली. वीस वर्षं मी उत्तरं फळ्यावर लिहून मोकळा होत आलोय.

आगाय बाकावर टेकले. "सरक पोरी. माझ्या नावात तसली दोन अक्षरं आहेत. पासपोर्टावरसुद्धा चुकीचं छापलंय." त्यांनी एका बोटाने नाव उमटवलं आणि बराच वेळ बघत बसले.

"बापाने ठेवलेलं नाव हे," ते म्हणाले. चावी मागायचं राहूनच गेलं.