गहाण घरचं पाणी

जगातल्या प्रत्येक वस्तूला चार बाजू असतात, आणि त्या चारी बाजूंना काय आहे हे सांगता येत नसेल तर ती वस्तू नाहीच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते माझे चुलत सासरे. पालघरच्या रजिस्ट्रार कचेरीबाहेर चिंचेखाली चटई टाकून त्यांनी पस्तीस-चाळीस वर्षं लोकांची खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं लिहिली. संध्याकाळी जवळच्याच माहीमला घरी आले की टोपी खुंटीवर जाई, पण दस्तातली भाषा काही अंगावरून उतरत नसे. 'माझा चष्मा द्या' एवढं साधं वाक्य त्यांना येत नव्हतं. ते म्हणत, "चष्मा. पूर्वेस पानाचा डबा, पश्चिमेस भिंत, दक्षिणेस पंचांग, उत्तरेस जाण्यायेण्याची वाट. येणेप्रमाणे चतुःसीमा असलेला चष्मा आणावा." काकू थेट तिथे जाऊन चष्मा उचलीत. आम्ही हसायचो, पण त्या घरात कधी काही हरवलं नाही. आमच्या घरी आजही अर्धी सकाळ किल्ल्या शोधण्यात जाते.

माझी आणि त्यांची पहिली गाठ माझ्याच लग्नात पडली. मी माहीमच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. माझ्या पत्नीला वडील नव्हते, तिला काकांनीच वाढवलं होतं. अंतरपाट धरलेला, भटजींनी मंगलाष्टकासाठी घसा खाकरलेला, आणि काका हात वर करून पुढे आले. म्हणाले, "एक मिनिट. जावईबापू, हे लग्न आपण राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता आणि कोणाच्या दडपणास बळी न पडता करीत आहात ना?" मी म्हणालो, "राजीखुशीने करतोय. अकलेचं मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचारा." मांडवात हशा पिकला, काका तेवढे हसले नाहीत. त्यांनी भटजींकडे पाहून मान हलवली, "दोन साक्षीदारांसमक्ष कबूल केलं आहे. होऊ द्या." साक्षीदारांचं हे वेड पुढे वाडीतसुद्धा दिसे. केळीचा घड उतरवायचा झाला तरी रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांना हाक मारून उभं करीत. त्या दोघांना दोन-दोन केळी मिळत, त्यामुळे घड उतरायच्या दिवशी आमच्या गल्लीत सज्जन साक्षीदारांची वाण पडत नसे.

त्यांचा तिसरा हट्ट कागदाचा. काहीही लिहायचं ते एकाच कागदावर, दुसरा कागद घ्यायचा नाही. मजकूर संपला नाही तर समासात शिरायचं, समास संपला तर कागद फिरवून वरच्या कडेला जायचं, तिथून उजवीकडे उतरायचं. सुट्टीत परगावी गेलो की हिला त्यांची कार्डं यायची, ती वाचताना आम्ही पंख्यासारखं कार्ड फिरवत बसायचो. वाण्याच्या यादीत हिंग नेहमी डाव्या समासात उभा असायचा. वाणी बिचारा यादी वाचता वाचता स्वतःच वाकडा व्हायचा. मी एकदा म्हटलं, "काका, शाळेतले कोरे कागद आणून देतो की." ते एकदम गंभीर झाले. "मास्तर, दुसरा कागद म्हणजे दुसरं नशीब. त्याचा पहिल्याशी संबंध राहत नाही." मला वाटलं, हेही असंच एक दस्तातलं वाक्य.

पण सगळ्यांत विचित्र नेम पाण्याचा. ज्या घराचं गहाणखत त्यांनी लिहिलं असेल त्या घरात ते पाण्याचा थेंब घेत नसत. घर सुटलं, म्हणजे गहाण फिटलं, की मुद्दाम जाऊन तांब्याभर पाणी पिऊन येत. अशा सगळ्या घरांची यादी त्यांच्या दप्तरात होती, अर्थातच एकाच लांबलचक कागदावर, आणि पाणी प्यायलेल्या घरापुढे एक लहानसं वर्तुळ. पंचक्रोशीत त्यांनी इतकी गहाणखतं लिहिली होती, की उन्हाळ्यात बाहेर पडले तर स्वतःचा तांब्या बरोबर न्यावा लागे. काकू म्हणत, "यांना विंचू चावला तर उतारा आहे, गहाणवाल्या गावात तहान लागली तर नाही."

चौसष्ट साल उजाडलं आणि काकांची झोप उडाली. मुदतीचा नवा कायदा लागू झाला होता. गहाण पडलेलं घर सोडवायला पूर्वी साठ वर्षं दावा लावता येई. आता ती मुदत तीस वर्षांवर आली. जुन्या गहाणांना पाच वर्षांची सवलत होती, ती गेली की घरही गेलं. कचेरीतल्या वकिलांनी हे वाचलं, चहा प्यायले आणि कामाला लागले. काकांनी मात्र दप्तरातली यादी काढली, तीस वर्षांच्या वरच्या नावांखाली रेघ मारली आणि दर रविवारी त्या घरांना कायदा सांगायला निघाले. साठी उलटलेली, पायात कळ. एकटं सोडणं बरं नाही म्हणून हिने मला बरोबर धाडलं. शाळेला सुट्टी, त्यामुळे मलाही सबब नव्हती.

त्यातला घिवलीचा रविवार मी विसरणार नाही. बोईसरला उतरलो तर एसटी निघून गेलेली. तारापूरकडे वीजकेंद्राचं काम सुरू झालं होतं आणि रस्त्यावर खडीचे ट्रक धावत होते. एका ट्रकवाल्याने थांबून विचारलं, "कहाँ जाना है बाबा?" काकांनी सांगितलं, "घिवली. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस…" तो म्हणाला, "बैठ जाओ बाबा, समंदर से पहले उतार दूँगा." पाम गावच्या फाट्याशी त्याने आम्हांला उतरवलं आणि तिथून आम्ही चालू लागलो. ऊन रणरणत होतं, काकांचा तांब्या ट्रकमध्येच राहिला होता. मी सहज विचारलं, "काका, कायदा सांगायला तुम्हीच कशाला? ज्याचं त्याला कळेल." ते थांबले.

"नाही कळत मास्तर. कायदा बदलतो तेव्हा दवंडी पिटत नाहीत. मी नवा होतो तेव्हा एका माणसाच्या घराचं लिहिलं. सावकार म्हणाला, नावाला खरेदीखत कर, पैसे आले की घर परत देण्याचं वेगळ्या कागदावर लिही. सगळे तसंच लिहीत. पण कायदा नुकताच बदलला होता. परतीची अट त्याच कागदावर असेल तरच ते गहाण, नाहीतर खरेदी. मला ठाऊक नव्हतं. त्या माणसाचं घर गेलं, बायकापोरांसकट गाव सोडून गेला." थोडं चालून म्हणाले, "लिहिलं त्या दिवशी त्याच्या बायकोने मला पाणी दिलं होतं. गूळही दिला होता."

मी त्यांच्या सगळ्या विक्षिप्तपणावर इतकी वर्षं हसत आलो होतो. त्या रस्त्यावर मला स्वतःची शरम वाटली.

घिवलीला हिराबाय काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, दोन मुली. घर तिच्या सासऱ्याने तेहतीस वर्षांपूर्वी तारापूरच्या एका सावकाराकडे गहाण टाकलेलं, आणि राहत्या घराचंच भाडं ती दरसाल सावकाराला देत होती. आता सावकाराच्या मुलाने घर रिकामं करायला सांगितलं होतं, कारण वीजकेंद्राच्या लोकांना खोल्या हव्या होत्या आणि ते भाडं चांगलं देत. काकांनी कायदा सांगितला. तिने तो बोंबील पसरता पसरताच ऐकला.

"लिवणारे काका, साठ वरसं म्हंजे साठ वरसं. माजे मामंजी मरताना सांगून गेले. अजून सत्तावीस हायेत."

"ती सरकारने कापली बाई."

"वरसं काय माशाचं जालं हाय कापायला? मामंजीनी आंगठा दिलाय, सरकारनी काय दिलं?"

काका घामाघूम झाले होते, ओठ सुकले होते. ते बघून ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. काकांनी हात जोडले. "नको." तिचा चेहराच बदलला. तांब्या तिने दाणकन ओट्यावर ठेवला. "कोळ्याच्या घरचं पानी चालत नाय काय? बोंबील चालतात, पानी चालत नाय?" काका जोडलेले हात सोडीनात. शेवटी मीच तिला तो नेम सांगितला. तिने काकांच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग माजं घर सुटत नाय तवर तुमी तानलेलेच रानार?" काका म्हणाले, "हो." तिने पदराने हात पुसले, पेटीतून लुगड्याखालचा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "चला. काय करायचं ता करा."

दावा पालघरच्या कोर्टात चालला. सावकाराच्या मुलाचा वकील म्हणाला, हे सरळ खरेदीखत आहे, मथळाच वाचा. न्यायाधीशांनी वाचलं, मजकूर खरोखर खरेदीचा. काका साक्षीला उभे होते. म्हणाले, "साहेब, कागद डावीकडे फिरवावा." साहेबांनी फिरवला. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ चालली होती. ती वरच्या कडेला वळली, उजवीकडे उतरली, खालून परत आली: रक्कम परत मिळताच सदर घर लिहून देणारास परत करावे. वकील म्हणाला, ही मागून घुसडलेली असेल. काका म्हणाले, "प्रत्येक कडेला अंगठा आहे. पूर्वेस एक, पश्चिमेस एक, दक्षिणेस एक, उत्तरेस एक. कचेरीतल्या नकलेतही ही ओळ आहे." साहेबांनी विचारलं, "पण समासात का लिहिलंत? दुसरा कागद घ्यायचा." काका ताठ उभे राहिले. "त्या वेळी सावकारही हेच म्हणाले होते साहेब. म्हणून समासात लिहिलं."

हिराबाय मागच्या बाकावरून उठून पुढे आली होती. शिपाई अडवत होता तरी कागदावर वाकून म्हणाली, "ह्यो मामंजींचाच आंगठा. मधी चीर हाय बगा, जाल्याच्या दोरीनी कापलेली." साहेबांनी तिला गप्प बसायला सांगितलं, पण कागदाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

निकाल लागायला पुढचं वर्ष उजाडलं. एकदा गहाण ते गहाणच, पैसे फेडायची ठरलेली मुदत टळली म्हणून सावकार मालक होत नाही, असा हुकूम झाला. मूळ रक्कम एका बऱ्या जाळ्याच्या किमतीइतकीही नव्हती. ती हिराबायने कोर्टात भरली. पण तोवर काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. ते माहीमला खाटेवर पडून असत. बोलणं जड झालं होतं, लिहिणं थांबलं होतं. "घिवली," एवढंच ते मधूनमधून म्हणत, आणि कोणी काय करावं ते कुणालाच कळत नसे. इतक्या लांब त्यांना नेणं शक्य नव्हतं. मला त्या दिवसांत त्यांच्याजवळ बसवत नसे.

एका दुपारी दारात हिराबाय उभी राहिली. कडेवर कळशी, तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं, अर्धं लुगडं भिजलेलं. घिवलीहून दोन एसट्या बदलून ती पाणी घेऊन आली होती. "कंडक्टर बोलला, पानी काय तुमच्या माहीमला नाय काय? मी बोलली, हाय, पन ता चालत नाय." तिने कळशी खाटेशी ठेवली आणि कमरेला खोचलेला निकालाचा कागद काढून काकांच्या डाव्या हातात दिला. काकांनी चष्म्यासाठी बोट वर केलं. काकूंनी तो न विचारता आणला. मग त्यांनी तो कागद सावकाश वाचला, डावीकडे फिरवून पाहिला, वर पाहिला, उजवीकडे पाहिला. समास कोरे होते. तेव्हा त्यांनी मान हलवली आणि जड जिभेने म्हणाले, "साक्षी… दार."

मी आणि ही पुढे झालो. हिराबायने भांडं त्यांच्या ओठाला लावलं. थोडं पाणी गळ्यावरून ओघळलं, बाकीचं ते प्यायले. मग तोंड वाकडं करून म्हणाले, "मचूळ."

"मंग? पश्चिमेला समुद्र हाय ना," हिराबाय म्हणाली, आणि ती हसता हसता रडायला लागली. आम्ही सगळेच रडत होतो. काकांनी दप्तर मागितलं आणि डाव्या हाताने यादीत एक वर्तुळ काढलं. ते वाकडं झालं, शेजारच्या नावावरही थोडं गेलं. आषाढात काका गेले. सवलतीची वर्षंही पुढे संपली. ती यादी माझ्याकडे आहे; बऱ्याच नावांपुढची जागा कोरीच राहिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी शाळेच्या कामाने घिवलीला गेलो. हिराबाय थकली होती, डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण आवाजावरून तिने मला ओळखलं. बस म्हणायच्या आधी ती आत गेली. तांब्या माझ्यापुढे धरला. मी हात पुढे करताना जरा थबकलो असेन, सवयीने म्हणा किंवा त्यांच्या आठवणीने म्हणा.

"प्या मास्तर," ती म्हणाली. "घर आपलं हाय."

पाणी तसंच मचूळ होतं. मी दोन तांबे प्यायलो.