उपासाला चालणारा किनवा

सासूबाईंना साखर निघाली आणि डॉक्टरांनी भात बंद करायला सांगितलं, तेव्हा त्या दवाखान्यातच हसल्या. "बंद म्हंजे? मग जेवायचं काय?" डॉक्टर घाटावरचे होते. ते म्हणाले, ज्वारीची भाकरी खा. सासूबाईंनी मान डोलावली, गोळ्या पिशवीत टाकल्या, रोह्याच्या बाजारातून येताना ताज्या बोंबलांचा वाटा घेतला आणि घरी येऊन पोटभर आमटीभात जेवल्या. ज्वारी ही त्यांच्या मते पाहुण्यांच्या बैलांसाठी ठेवायची गोष्ट होती, आणि आमच्याकडे बैलवाले पाहुणे येत नसत.

माझ्या नवऱ्याने हे सगळं फोनवर धाकट्या भावाला सांगितलं. भावजी तेव्हा अमेरिकेत होते. नाताळच्या सुट्टीत ते आले ते आईचं जेवण सुधारायचं ठरवूनच. त्यांनी बॅग उघडली. आम्हाला वाटलं, नेहमीप्रमाणे साबण, चॉकलेटं, एखादं अत्तर निघेल. निघाली एक गच्च भरलेली कापडी पिशवी. आत राजगिऱ्यापेक्षा थोडे मोठे, पिवळसर दाणे.

"किन्वा," भावजी म्हणाले. "दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांवरचे लोक हजारो वर्षं हेच खातायत. भातासारखं शिजवायचं. आई, आता तुझा भात सुटला."

"त्यांच्याकडं भात पिकत नसंल," सासूबाई कळवळून म्हणाल्या. "काय करतील बिचारे."

भावजींनी किन्वाचे गुण खूप सांगितले, पण तो स्वतः कधी शिजवला नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते म्हणाले होते, "वहिनी, एकदम सोपं आहे." म्हणून मी तांदळासारखाच एकदा पाण्यातून काढला आणि कुकरला लावला. शिट्टी झाली ती आवाज न करता नुसता फेस ओकत. झाकण उघडलं तर वर साबणाच्या पाण्यासारखे बुडबुडे. चव घेतली, आणि जीभ कडू झाली ती संध्याकाळपर्यंत.

सासूबाईंनी बोटावर फेस घेतला, चोळला, वास घेतला. "रिठे हायत हे," त्या म्हणाल्या. "पोरानं केस धुवायचं आणलंय, आणि तू शिजवलंस."

भावजींनी मात्र पुढ्यातला सगळा किन्वा संपवला, चेहरा अजिबात न बदलता. "हेल्दी आहे. सवय होईल." माझा नवरा उठला आणि शिफ्ट दुपारची असूनही सकाळीच कंपनीत गेला. तिथल्या कँटीनला तो एरवी नावं ठेवायचा.

मला हार मानवत नव्हती. मी पेणची. माझ्या आईकडे पोह्याच्या पापडांचा घरगुती धंदा, आणि कुठलीही गोष्ट धुतली, वाळवली, भाजली की माणसाळते यावर आमच्या घराचा विश्वास. दुसऱ्या दिवशी मी तो किन्वा परसात नेऊन पातेल्यात हातांनी चोळचोळून धुतला. फेसाचं पाणी अळूच्या वाफ्यात ओतलं, पुन्हा धुतला, पुन्हा ओतलं, फेस यायचा थांबेपर्यंत. मग थोड्या तुपावर परतला आणि आधणाच्या पाण्यात शिजवला. या वेळी तो छान फुलला, आणि एकेका दाण्याभोवती पांढरी बारीक शेपटी सुटली.

"ह्याला शेपूट हाय," सासूबाई म्हणाल्या आणि त्या शेपटीवर आमटी ओतली. चार घास खाल्ले. "वाईट नाय," म्हणाल्या. "आता भात वाढ."

भावजी समाधानाने परत गेले. आपली आई आता किन्वावर आहे, हे त्यांनी तिकडे सगळ्यांना सांगितल्याचंही फोनवर कळवलं. पिशवी तांदळाच्या डब्यावर जाऊन बसली. तोवर घरात तिचं नाव किनवा असं पक्कं झालं होतं.

खरी अडचण वेगळीच होती. सासूबाईंना सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी असे उपास. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाटा, आणि संध्याकाळी पुन्हा खिचडी. भातापेक्षा या उपासांनीच त्यांची साखर वर जायची. मी एकदा म्हटलं, "आई, हे वरीसारखंच दिसतंय. उपासाला का नाही खात?"

हा विचार त्यांना आवडला, कारण साबुदाण्याचा त्यांनाही कंटाळा आला होता. "पण धान्य असलं तर?" त्या म्हणाल्या. "धान्य असलं तर उपास मोडला."

त्यांनी पूजेला येणाऱ्या भटजींना विचारलं. भटजींनी चार दाणे तळहातावर घेऊन खिडकीशी नेले. "याचं शास्त्रात नाव नाही," ते म्हणाले. "म्हणजे निषेध नाही." सासूबाईंचा चेहरा खुलला. मग ते पुढे म्हणाले, "अर्थात, विधानही नाही." आणि दक्षिणा घेऊन गेले.

शेजारच्या मावशींना हे सगळं ऐकू येत होतं, कारण आमच्या दोन घरांत एक पडवीच काय ती होती. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावातले जुने लोक अजून त्यांना शनवार तेली म्हणत, जरी त्यांच्या घरात घाणा चालल्याचं मावशींनाही आठवत नव्हतं. त्यांचे बहुतेक नातेवाईक इस्राएलला गेले होते. मुलगीही तिकडेच, तिकडेच लग्न झालेलं. तिचा फोन आमच्याकडे यायचा आणि मी पडवीतून हाक मारायची.

त्या आठवड्यात तो फोन आला. मावशी रिसीव्हर ठेवून तिथेच खुर्चीत बसल्या.

"काय गो, बरं हाय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"येतायत. लेक आन् जावय. पेसाहच्या सणाला इथंच रहाणार."

"मग तोंड असं का?"

मावशींनी सांगितलं. पेसाहच्या सणात त्यांच्यात खमिराचं काही खात नाहीत. पाव नाही, गव्हाचं फुगलेलं काही नाही. पण तांदूळ? तांदूळ तर त्यांच्या घरी सणभर असायचा, आई-आजीपासून. आता जावई पोलंडहून इस्राएलात आलेल्या घरातला. त्यांच्यात सणाला तांदूळसुद्धा चालत नाही. मुलीने सासरचं सगळं उचललं होतं आणि फोनवर बजावलं होतं, आई, घरात भात दिसता कामा नये.

"पिढ्यान् पिढ्या खाल्ला," मावशी म्हणाल्या, "आन् आता नाय चालत म्हणं. आठ दिवस मी त्या पोराला काय घालू? रोह्यात?"

सासूबाई हळूच उठल्या, आत गेल्या आणि किनव्याची पिशवी घेऊन आल्या. दोघींनी त्यावर वाकून पाहिलं. मला तो क्षण नीट आठवतो. एकीला उपासासाठी ते धान्य नसायला हवं होतं, दुसरीला सणासाठी. आणि दोघींनी एकाच वेळी एकमेकींना विचारलं, "तुमच्यात ह्याला धान्य म्हणतात का गो?"

ठरेना. मावशी म्हणायच्या, तुझे भटजी सांगतील. सासूबाई म्हणायच्या, तुझी लेक सांगेल. लेकीने त्याचं नावच ऐकलेलं नव्हतं. ती म्हणाली, सासूला विचारते. सासूने सांगितलं, अमेरिकेतल्या मोठ्या धर्मगुरूंमध्येही त्यावर वाद चालू आहे. मावशींना त्याचा दिलासा वाटला. जिथे मोठ्यांचं एकमत नाही, तिथे आपण कुठे चुकणार!

अशात माझी आई पेणहून भेटायला आली. गाडी कासूला बराच वेळ थांबून राहिली म्हणून कुरकुरतच घरात शिरली, पापडांचे डबे खाली ठेवले आणि हातपाय धुवायला परसात गेली. तिथून तिची हाक आली, "चाकवत कुणी लावलाय गं?"

मी बाहेर गेले. अळूच्या वाफ्यात, किनवा धुतलेलं पाणी मी जिथे ओतलं होतं आणि पाण्याबरोबर काही दाणेही गेले होते, तिथे हिरवी रोपं दाटीने उगवली होती. कोवळ्या पानांवर पांढरी भुकटी पसरल्यासारखी. मी त्यांना तण समजत होते. आईचं माहेर जुन्नरकडचं, तिकडे हिवाळ्यात ताकातला चाकवत घरोघर होतो. तिने पान खुडून चुरगाळलं, वास घेतला. "चाकवत नाही अगदी," ती म्हणाली, "पण त्याच्याच घरातला."

सासूबाई आणि मावशी दोघी पडवीतून धावत आल्या. आईला काय चाललंय हे समजावून सांगावं लागलं. मग न्यायनिवाडा झाला, आणि इतक्या झटपट निवाडा झालेला मी नंतर कुठेही पाहिला नाही.

"म्हंजे पालेभाजीचं बी," मावशी म्हणाल्या. "धान्य नाय."

"पण आई," मी सासूबाईंना म्हटलं, "पालेभाजी तरी उपासाला कुठे चालते?"

सासूबाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "राजगिऱ्याची पानं चालतात काय? नाय. बी चालतं काय? व्हय. तसंच हे." हे म्हणताना त्यांच्या आवाजात जो ठामपणा होता, तो भटजींच्या आवाजात कधीच नव्हता.

पुढच्या एकादशीला मी किनव्याची खिचडी केली. तुपात जिरं आणि हिरवी मिरची, भरपूर दाण्याचं कूट, वरून ओलं खोबरं. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतली. मग गोडाचं काय, असं विचारलं. मी नारळाच्या दुधात गूळ घालून खीर केली, वेलची लावली. ती त्यांना इतकी आवडली की पुढे उपासाला खीर ठरूनच गेली, आणि नंतर उपास नसतानाही. मी गुळाबद्दल एकदा बोलून पाहिलं.

"किनवा साखरेवरचं औषध हाय," त्या म्हणाल्या. "औषधात गूळ घातला तर औषध मरतं काय?"

माझ्या आईने अर्धा शेर किनवा पेणला नेऊन त्याचे पापड करायचं मनावर घेतलं. ते लाटले की फाटायचे, तळले की विखुरायचे. तिने ते शेजाऱ्यांना अमेरिकन पापड म्हणून वाटले. कुणीही नावं ठेवली नाहीत. सगळ्यांनी फक्त विचारलं, अमेरिकेत असेच असतात का?

पेसाहला मुलगी आणि जावई आले. जावई उंच, उन्हाने लाल झालेला, दारातून वाकून येणारा. मावशींनी पहिल्या दिवशी खाडीतल्या जिताड्याचं कालवण केलं, हिरव्या वाटणाचं, नारळाच्या दुधातलं, आणि बरोबर भाताऐवजी किनवा. गोडाला मलिदा. त्यांच्यात पोहे भिजवून, त्यात खोबरं, साखर, सुका मेवा आणि फळं घालून तो करतात. पण पोहे म्हणजे तांदूळच, म्हणून तोही किनव्याचा. आम्हाला वाटी आली. मलिद्यासारखा नव्हता, पण काहीतरी चांगलं होतं. मुलीने आईला मिठी मारली म्हणे.

दोन दिवसांनी, दुपारी, मुलगी बाजारात गेली असताना जावई आमच्या पडवीत आला. सासूबाई जेवायला बसल्या होत्या. पुढ्यात गरम भात, वर मावशींनीच पाठवलेलं कालवण. तो उभा राहिला. भाताकडे पाहिलं. मग हाताने खूण केली, मी बसू?

सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण भुकेला माणूस कळत होता. त्यांनी पाट सरकवला आणि ताट वाढलं. माझ्या नवऱ्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत आठवण करून दिली, तुमचा सण आहे, भात आहे हा. तो मान हलवत खात राहिला. सण त्याच्या आईचा आहे, तो म्हणाला. त्याच्या बायकोने तो तिच्याकडून घेतला. त्याला कुणी विचारलंच नाही.

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"बायकोला सांगू नका म्हणतोय."

"हे सांगायला काय इंग्रजी लागतंय?" आणि त्यांनी आणखी भात वाढला.

त्यानंतर तो रोज दुपारी यायचा. मुलगी रोज कुठेतरी जायची, जुन्या मैत्रिणींकडे, कोलाडला चुलत मामाकडे. मी मावशींसमोर अवघडून वागायची. शेवटी त्याच म्हणाल्या, "स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतंय गो. मी कालवण दोन माणसांचं जास्तच पाठवते ना तुमच्याकडं?"

"मग तुम्ही?"

"मी किनवा खाते, लेकीसंगं," मावशी म्हणाल्या. "तिला बरं वाटतं. आठ दिवसांचं तर हाय."

सण झाल्यावर ते गेले. सासूबाईंचं रक्त तपासायची वेळ आली. साखर पहिल्यापेक्षा वर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदललं? सासूबाईंनी अभिमानाने सांगितलं, अमेरिकेतला किनवा. खिरीचं त्यांनी काढलं नाही, आणि मी काढायच्या आत डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ते परदेशी धान्य ताबडतोब बंद.

"बघा," बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "धान्यच होतं म्हणतो. माझ्या एकादशा गेल्या."

त्या दिवसापासून त्या पुन्हा साबुदाण्यावर आल्या. भावजींना आम्ही काही कळवलं नाही. त्यांच्या दृष्टीने आई अजून किन्वावरच होती आणि तब्येत सुधारत होती.

पुढच्या वर्षी मुलीने मावशींना कायमचं इस्राएलला नेलं. मावशी जायला नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. सामान बांधून झालं तेव्हा त्या आमच्या पडवीत येऊन बसल्या, आणि सासूबाई आणि त्या कुठल्याशा जुन्या भांडणाबद्दल हसत राहिल्या, टेम्पो येईपर्यंत.

काही महिन्यांनी फोन आला. मी हाक मारायला पडवीच्या दाराशी गेले, आणि मग लक्षात आलं की आता फोन सासूबाईंसाठी आहे.

त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. तब्येत, थंडी, घर कसं आहे, सगळं विचारून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन् मासळी? मिळते का गो?"

पलीकडून बराच वेळ मावशी बोलत होत्या. सासूबाई हं हं करत ऐकत होत्या.

"काय म्हणाल्या?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"मिळते. पण बर्फातली," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या.