वालाची वडी आणि चीजची तार

महिपतराव मोरे यांचा व माझा परिचय कापडे येथील प्रौढ साक्षरता वर्गात झाला. उतारवयात अक्षरे गिरवण्यासाठी आम्ही एकाच सतरंजीवर बसलो. ते डबा उघडून वालाच्या वड्या सर्वांपुढे करीत आणि त्या वड्यांची हकिगत आनंदाने सांगत. ती मी ऐकली तशी येथे लिहीत आहे.

तरुणपणी महिपतराव गिरगावात सँडविचच्या गाडीवर कामाला होते. दिवसभर दुसऱ्यांच्या पावावर चीज किसायचे. गाडी आवरताना मालक किसणीवर न धरता येणारा शेवटचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवी. तो खारट, दाट तुकडा जिभेवर विरघळेपर्यंत ते कोणाशी बोलत नसत. कायमचे गावी परतल्यावरही मुंबईत नोकरीस असलेला मुलगा किशोर शिमग्याला, गणपतीला चीजचा डबा आणीच. गावीच राहणारी सून अनुपमा तव्यावर चीज घालून टोस्ट भाजत असे आणि सारे घर चुलीभोवती गोळा होई.

पुढे पोटाने दगा दिला. दूध घेतले की पोट फुगे, कळा येत. पोलादपूरच्या डॉक्टरांनी दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ बंद केले. किशोरने बिनदुधाच्या चीजचे पाकीट आणले. ते मेणासारखे दातांना चिकटले. तेव्हा अनुपमाने कंबर कसली. घरचे वाल भिजवून, सोलून तिने पाट्यावर वाटले, नारळाच्या दुधात मीठ-लसूण घालून घट्ट होईतो घोटले आणि ताटात थापून वड्या पाडल्या. वाटून वाटून लाल झालेले तिचे तळवे महिपतरावांनी पाहिले. वडी तोंडात टाकून ते म्हणाले, “हुबेहूब चीज हाय गो!”

अनुपमा हरखली. वडी चीजसारखीच लागते, मग मामंजींना चालत नाही ते आपल्यालाही नको, असे ठरवून तिने घरात चीज आणणेच बंद केले. महिपतरावांना मात्र रुखरुख लागली. त्यांच्या एका शब्दापायी चुलीभोवतीची ती बैठक मोडली होती. खरे सांगावे तर सुनेच्या कष्टांचा अपमान होईल, म्हणून ते गप्प राहिले.

शिमग्याला मुंबईत वडिलांकडे राहणारी नात समीक्षा गावी आली. वर्ग लवकर सुटला, म्हणून महिपतराव परसदाराने घरी आले, तो ओळखीचा वास नाकात शिरला. मागच्या पडवीत मायलेकी पाठमोऱ्या बसून घाईघाईने खात होत्या.

“काय चाल्लंय गो?”

अनुपमाने ताटलीवर पदर टाकला. “काय नाय, मामंजी.”

“तुझ्या तोंडात काय हाय गो, समीक्षा?”

“वालाची वडी, आजोबा.”

“वालाच्या वडीला तार सुटते होय? हनुवटीवर लोंबतेय बघ!”

समीक्षाला हसू आवरेना. अनुपमाच्या डोळ्यांत मात्र पाणी आले. “पोरीनं आणलं, मला नाय म्हणवलं नाय. तुमच्यासमोर कसं खायचं, म्हणून इथं बसलो.”

महिपतराव पायरीवर टेकले. “मी पण खोटं बोललो, बाय. वडी चीजसारखी लागत नाय. चीजची चव चीजलाच. अजून वास आला की तोंडाला पाणी सुटतं.”

“मग रोज मिटक्या मारत खाता ते?”

“ते खरं. वडी वालासारखी लागते, म्हणून आवडते. खाऊन पोट दुखत नाय, रात्री निवांत झोप लागते. माझ्यासाठी एवढं कोण वाटत बसतं गो? तुझे उपकार हायत.”

“उपकार कसले, मामंजी!” अनुपमाने डोळे पुसले आणि ताटलीवरचा पदर काढला.

“आजोबा, निदान वास तरी घ्या,” समीक्षाने ताटली पुढे केली. महिपतरावांनी दीर्घ श्वास घेतला, तृप्तीने मान डोलावली आणि ताटली तिच्याकडे परत सरकवली.

मग त्यांनी सुनेजवळ मागणे मागितले, “आजपासून तुमचा टोस्ट चुलीपाशीच भाजा नि माझ्या बाजूला बसून खा. माझी वडी पण त्याच तव्यावर टाक, जरा खरपूस.”